नवऱ्याच्या पहिल्या लग्नाचा 25 वर्षांचा मुलगा रोज पितो. मी पैसे बंद करा म्हणते, नवरा लपून देतो, वर "तुझा असता तर अशी बोलली असतीस का?" म्हणतो. काय करू? (नागपूर)

ताई, "तुझा असता तर अशी बोलली असतीस का?" हे नवऱ्याचं वाक्य लागतं, कळतं मला. पण त्यावर वाद घालू नका. पोराला आईविना वाढवावं लागलं, ही खंत त्यांना खाते आणि पैसे त्यातूनच सुटतात.

तरी रोख देणं थांबायलाच हवं. जेवण, मोबाईलचा रिचार्ज, डॉक्टरची फी तुम्ही परस्पर भरा. मात्र हे मुलाला बापानेच सांगायचं, तेही सकाळी, तो शुद्धीत असताना. तुम्ही तोंड उघडलंत की ती सावत्र आईची कटकट ठरते.

दारू मात्र एका दिवसात बंद करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावी. तो सज्ञान आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचाराला सहसा त्याची संमती लागते. म्हणून आधी तुम्ही दोघंच मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात जाऊन बोला. नवरा तयार नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरने सांगितलेलं ते ऐकतील, तुमचं ऐकणार नाहीत, हे मनाला लावून घेऊ नका.

मुलाने हात उगारला तर मात्र कोणाची समजूत काढत बसू नका, सरळ 112.