तुमचे प्रश्न : घरशाळा, गट आणि दहावी

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षं घरीच शिकते. अशाच सात कुटुंबांनी मिळून गट केला. दर रविवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचो. तिसऱ्या महिन्यात भांडण नाही, तंटा नाही, तरी गट बंद पडला. पुन्हा जमवायचा तर काय करावं?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : रविवार आणि घर, दोन्ही बदला. रविवारी लग्नं, बारशी, गावाकडची शेती. सातांतली चारच घरं येतात आणि पुढच्या खेपेला तीही कचरतात. घरी जमलं की पहिल्यांदा चहा-बिस्किट, मग पोहे, पाचव्या आठवड्याला पावभाजी. यजमानीण ओट्यापाशी अडकते, मुलं टीव्हीसमोर बसतात. आणि जिचं घर लहान, तिला आपली पाळी आली की काहीतरी अडचण निघते. तुमचा गट बहुधा इथेच मोडला.

गुरुवारी सकाळी १० ते १२.३० अशी वेळ धरा. जागा आमराई, पावसाळ्यात एखाद्या देवळाचा सभामंडप विचारून ठेवा. डबा आणि पाणी ज्याचं त्याने आणायचं. तीनच घरं आली तरी गुरुवार चुकवायचा नाही. एका महिन्याला एकच विषय आणि दोन पालक : एक शिकवणार, दुसरा लहानग्यांना सांभाळणार. सगळं एकाच उत्साही आईवर पडलं की ती थकते आणि तिच्याबरोबर गटही. दहा-बारा मुलं पुरेत, वयं मिसळलेली असू द्या.

विषय शोधायला लांब जायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा घ्या. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी रोज बातम्यांत येते. आलेख कागदावर १ सेंटिमीटरला २ फूट धरून रोज एक ठिपका. ४० फुटांवर इशारा पातळीची आणि ४५ वर धोका पातळीची रेघ. कागद उभा घ्या, कारण २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. खाली कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग लिहा; तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा सांगतात. मोठ्यांनी गणित करावं : धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात, १ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे ११,५७४ क्युसेकने दिवसभर सोडलं की एक टीएमसी पाणी गेलं. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत किती तासांनी चढतं, हे मुलांनीच कागदावरून काढायचं. पाणी चढतं असताना घाटावर कुणालाही नेऊ नका.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, शाळेत कधीच घातला नाही. दहावीला कसं बसवायचं?
– एक वडील, मिरज

उत्तर : सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसण्याचा अर्ज, भरा, असं सगळे सांगतील. त्या अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि तुमच्याकडे तो नाही. तुम्हाला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सोयीची. वय १४ पूर्ण हवं. आठवीचा दाखला नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. पाच विषय, त्यांत निदान एक भाषा. मराठी माध्यम घेता येतं. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यात नऊ संधी. म्हणून एका खेपेला दोन-तीन विषयच द्यावेत. घरी तयार केलेल्या स्वाध्यायांना २० टक्के गुण असतात आणि ते मुदतीत न दिल्याने हातचे जातात.

मध्येच शाळेत घालावंसं वाटलं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. याच कायद्याचं कलम १० मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य मानतं. शिक्षा मात्र सांगत नाही. दोन्ही माहीत असू द्या, नातेवाईक विचारतातच.

आणि आजच एक करा. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर न अक्षर ताडून पाहा. ‘दीपक’चं एकीकडे ‘दिपक’ झालेलं असतं; अर्जाची मुदत चालू असताना ते दुरुस्त करायला गेलं की तो हंगाम हातचा जातो.