४ ओहम, ८६ डेसिबलच्या स्पीकरांना ३०० वॅटचा पॉवर अँप घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये १२ बाय १६ फुटांचा हॉल आहे. जुने पण चांगले उभे स्पीकर मिळालेत, मागे ४ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) आणि ८६ डेसिबल (ठरावीक वीज दिल्यावर तो किती मोठा वाजतो) छापलंय. सध्या ते होम थिएटरच्या रिसीव्हरवर चालतात. रिसीव्हरच्या खोक्यावर १५० वॅट लिहिलंय, पण आवाज चढवला की तो खट्‌ करून बंद पडतो. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, ३०० वॅटचा पॉवर अँप, म्हणजे फक्त स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, घ्या. ३०० अधिक ३०० वॅटचे तळहाताएवढे डबे चालतील का आणि वायर कोणती टाकू, हेही विचारलंय.

लगेच घेऊ नका. आधी ते १५० वॅट कुठून आले ते बघा. खोक्यावर बारीक अक्षरात सहसा असं काहीतरी सापडतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती), एकच चॅनल (एकाच स्पीकरची बाजू) चालू. म्हणजे आवाज फाटेपर्यंत ताणून, बाकीचे चॅनल गप्प बसवून काढलेला आकडा. नव्वदीत टू-इन-वनवर हजार-हजार वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला आकडा) छापायचे, ही त्याचीच शिकलेली धाकटी बहीण. खरा आकडा म्हणजे ८ ओहमवर, दोन्ही चॅनल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत. तो मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर असतो आणि खोक्यावरच्यापेक्षा बराच कमी निघतो.

आता तुम्हाला लागतात किती? ८६ डेसिबल हे १ मीटरवर, २.८३ व्होल्ट दिल्यावर सहसा मोजलेलं असतं. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॅट होतात. म्हणजे वॅटच्या हिशोबात तुमचे स्पीकर ८३ डेसिबलचेच. सोफा दहा फुटांवर धरला तर अंतरामुळे ९-१० डेसिबल जातात. दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती मिळून त्यातले पाच-सहा परत देतात. ढोबळमानाने, दोन्हीकडे १-१ वॅट दिला की बसल्या जागी ८० च्या आसपास आवाज मिळतो, आणि घरात ८० म्हणजे चांगलाच मोठा. पण चांगल्या रेकॉर्डिंगमधले ठोके सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. १० डेसिबल चढायला १० पट वॅट लागतात, २० ला १०० पट. तेव्हा ४ ओहमवर स्वच्छ, न फाटणारे १०० वॅट मिळाले की तुमचं काम झालं. तिथून ३०० वर गेलात तर पदरात पडतात जेमतेम ५ डेसिबल.

उन्हाळ्यात मात्र हे गणित थोडं सरकतं. हॉलमध्ये डेझर्ट कूलर घरघरत असला की आलापातला तानपुरा त्यात बुडतो, म्हणून आपण आवाज चढवतो. मग द्रुत लयीत तबला आला की सगळा भार अँपवर येतो. त्यामुळे १०० ची गरज असताना ४ ओहमवर १५० ते २०० चा अँप घेणं मला पटतं.

मग रिसीव्हर बंद का पडतो? वॅट संपले म्हणून नाही, करंटमुळे. ४ ओहमवर १०० वॅट म्हणजे २० व्होल्ट आणि ५ अँपिअर. पण स्पीकर सगळ्या सुरांना ४ ओहम राहत नाही. एखाद्या फ्रीक्वेन्सीला तो २.८ पर्यंत उतरला तर त्याच २० व्होल्टला ७ अँपिअर लागतात, आणि शिखरावर १०. त्यातच फेज अँगल (व्होल्टेज आणि करंट यांच्या वेळेतला फरक) वाकडा असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर आणखी तापतात. सात चॅनलमध्ये एकच ट्रान्सफॉर्मर वाटून घेणाऱ्या रिसीव्हरला हे झेपत नाही आणि त्याचं प्रोटेक्शन रिले (स्पीकरचा जोड तोडणारा सुरक्षा-स्विच) उघडतं. नावाच्या ओहमवर विसंबू नका. केईएफ कंपनीच्या एलएस५० स्पीकरवर ८ ओहम छापलेलं असतं, पण कंपनी स्वतःच किमान ३.२ सांगते. तुमच्या मॉडेलचा इम्पीडन्सचा (कुठल्या सुराला किती ओहम याचा) आलेख शोधा. स्टीरिओफाइल मासिक आपल्या परीक्षणांसोबत तो फेजसकट छापतं, आणि जुन्या मॉडेलांचेही सापडतात. मल्टिमीटर लावून जो आकडा येतो तो डीसी रेझिस्टन्स. त्यावरून खालचा तळ कळत नाही.

म्हणून अँपच्या कागदावर मी पहिल्यांदा ४ ओहमचा आकडा बघतो. ८ ओहमवर १०० आणि ४ वर १८०-२०० असेल तर पॉवर सप्लाय तगडा आहे. ८ वर १०० आणि ४ वर १२० असेल तर त्याला तिथेच धाप लागते. नॅड कंपनीच्या सी २९८ अँपचं उदाहरण घ्या: ८ ओहमवर १८५, ४ वर ३४०. क्लास डी (ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद करणारी पद्धत) असूनही हे जमतं, त्यामुळे "क्लास डी म्हणजे पोकळ आवाज" हे जुनं ऐकीव आता सोडून द्या. मागच्या पॅनेलवर "६ ते १६ ओहम" एवढंच लिहिलेला अँप तुमच्यासाठी नाही.

३०० अधिक ३०० वॅट लिहिलेल्या तळहाताएवढ्या डब्यांबद्दलही विचारलंय तुम्ही. सोबत येणारा अडॅप्टर उलटा करून वाचा. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे एकूण १६० वॅट. त्यातून सतत ६०० कसे निघतील, बाप्पा? छोट्या बुकशेल्फला हे डबे छान आहेत, तुमच्या स्पीकरांना नाही.

डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरवर अँपची पकड किती, हे सांगणारा आकडा) ५०० की १०००, यावर वेळ घालवू नका. २.५ स्क्वेअर एमएमची साधी घरगुती वायर पाच मीटर टाकली तर येऊन-जाऊन ०.०८ ओहम तिचेच होतात. पुढचे आकडे तिच्यातच संपतात. जाता जाता तुमच्या वायरचंही उत्तर मिळालं: हीच वायर टाका.

डीजेवाल्यांचे प्रो अँप ही पैशाला जागणारी वाट आहे. क्राउनचा एक्सएलएस १००२ ८ ओहमवर २१५, ४ वर ३५० देतो. पण त्यात पंखा असतो, आणि रात्री शांत ऐकताना तो कळू शकतो. दुकानातल्या गर्दीत त्याचा अंदाज येणार नाही.

हे सगळं करण्याआधी रिसीव्हरच्या पाठीमागे प्री-आउट (वेगळ्या पॉवर अँपला सिग्नल देणारी सॉकेट) आहेत का ते बघा. स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेक वेळा फक्त सबवूफरचाच असतो. तसं असेल तर पॉवर अँप जोडायला जागाच नाही, मग चांगला इंटिग्रेटेड अँप (आवाजाचं बटण आणि पॉवर अँप एकाच डब्यात) घ्या. आणि घरात सबवूफर असेल तर आज रात्रीच रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर "स्मॉल" करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. खालचा बास निघाला की रिसीव्हरचा बराच भार उतरतो. कदाचित तेवढ्यानेच भागेल.

आपल्याकडचा उन्हाळा कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतो. नागपुरात ४५-४६ अंश नवे नाहीत, २३ मे २०१३ ला तर ४७.९ गेलं होतं. दुपारी बंद हॉल आधीच तापलेला असतो, आणि अँपला तीच हवा आत घ्यायची असते. क्लास ए अँप गाणं चालू नसतानाही पूर्ण तापतो, तो मी इथे कोणालाच सुचवत नाही. क्लास एबी (त्याहून कमी तापणारा नेहमीचा प्रकार) घेतलात तर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नका, वर निदान वीतभर जागा सोडा. दुसरं, व्होल्टेज. एसी-कूलर सगळे चालू झाले की माझ्या त्रिमूर्तीनगरच्या सॉकेटवर मल्टिमीटर २०५ दाखवतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात, म्हणजे २३० चे २०० झाले की जवळजवळ चौथा हिस्सा गेला. त्यावर टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर बसवला तर जोराच्या ठोक्याला तोच गुदमरतो. रेग्युलेटेड एसएमपीएसचे (व्होल्टेज घटलं तरी आतला पुरवठा स्थिर ठेवणारे) अँप इथे फायद्यात राहतात.

सेकंडहँड घेणार असाल तर मल्टिमीटर खिशात घेऊन जा. स्पीकर न जोडता, इनपुट रिकामं ठेवून अँप दहा मिनिटं चालू ठेवा आणि दोन्ही आउटपुटवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर गेला तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघा. अँप दुरुस्त होतो, पण त्या डीसीने जळाले तर तुमच्या त्या जुन्या स्पीकरांचे वूफर आता कुठून आणाल?