हायड्रा नेमायचा की लावायचा?

कोपरखैरण्याच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवलाय. ते प्लॅनिंग इंजिनिअर आहेत. टीटीसी या ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांची शटडाऊनची, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, कामं घेणाऱ्या कंत्राटदाराकडे असतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या वेळापत्रकाचा मराठी तक्ता त्यांना फोरमन-मुकादमांच्या हातात द्यायचा होता. 'असाइन रिसोर्सेस' या मथळ्याला त्यांनी 'संसाधने नियुक्त करा' असा पर्याय दिला. ऑफिसात कुणाला खटकलं नाही. साइटवर मात्र फोरमनने विचारलं, "हायड्राचं नियुक्तिपत्र कधी काढताय?" (हायड्रा म्हणजे साइटवरची फिरती क्रेन.) तर 'संसाधने नियुक्त करणे' चूक आहे का, आणि असेल तर काय लिहायचं, असा त्यांचा प्रश्न आहे. जाता जाता 'वर्क' आणि 'ड्युरेशन' यांनाही शब्द मागितलेत.

फोरमनची बाजू बरोबर आहे. नियुक्ती पदावर होते. तिला आदेश लागतो, रुजू होणं लागतं, पुढे बढती-बदलीही येते. हायड्रा क्रेनला यातलं काही नाही. तक्त्यावर सरळ 'माणसं-यंत्रं लावणे' लिहा.

'लावणे' साधा वाटतो म्हणून कागदावर घ्यायला आपण बिचकतो, पण या कामासाठी त्याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही. साइटवरचं बोलणं ऐका. "बंडल ओढायला काय लागेल?" "एक हायड्रा, एक रिगर, चार हेल्पर." "मग कोणाला लावलंय?" नियोजनाच्या दोन्ही पायऱ्या यात आल्या. आधी कामाची गरज, मग ती भागवायला प्रत्यक्ष कोण आणि काय दिलं ते. पहिलीला लागणे, दुसरीला लावणे. धातू एकच, दुसरं पहिल्याचं प्रयोजक रूप. शिवाय माणूस आणि यंत्र दोघांनाही ते चालतं. दोन फिटर लावले, पोकलेन लावला, रात्रपाळीला दुसरी गँग लावली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टही माणूस आणि यंत्र रिसोर्सच्या एकाच 'वर्क' प्रकारात टाकतं. प्रायमाव्हेरा हे दुसरं सॉफ्टवेअर लेबर आणि नॉन-लेबर असे दोन कप्पे करतं, पण तिथेही क्रियापद हेच पुरेल.

मालाचं मात्र वेगळं आहे. गॅस्केट, इलेक्ट्रोड, सिमेंट कामाला लागतं आणि खर्ची पडतं. त्याला कामाला 'लावलं' असं कोणी म्हणत नाही. गॅस्केट लावलं म्हणजे ते फ्लँजमध्ये, पाइपच्या जोडात, बसवलं. सॉफ्टवेअरमध्येही 'मटेरियल' हा प्रकार निराळाच आहे. वेल्डरला जशी उपलब्धतेची कमाल मर्यादा घालता येते, तशी मालाला नसते. त्याचा नुसता वापर नोंदवायचा. तेव्हा मालाच्या रकान्याला 'लागणारा माल' म्हणा.

आता 'लावणे'ची एक खोच. "मुलाला कामाला लावलं" म्हणजे नोकरी मिळवून दिली, आणि "मला चांगलंच कामाला लावलंस" म्हणजे राबवून घेतलंस. म्हणून 'चार हेल्पर लावले' ठीक, पण सेफ्टी ऑफिसरच्या नावापुढे 'लावले' लिहिलं तर तो तुमच्याकडे बघेल. नावानिशी माणूस आला की मराठी भाषा वाक्याची दिशा फिरवते. माणूस कामाला लावण्याऐवजी काम माणसाकडे दिलं जातं किंवा त्याच्यावर सोपवलं जातं. इंग्रजीतलं 'असाइन' हे एकच क्रियापद दोन्ही बाजूंनी वापरता येतं. आपल्याकडे माणूस कामाला लावतात, कामावर नेमतात, आणि काम माणसावर सोपवतात. शब्द निवडण्याआधी वाक्यात कोण कुठे जातंय ते बघावं. यंत्रानुवाद नेमका तिथेच घसरतो.

'नेमणे' मी बाद करत नाही. 'नेमून दिलेलं काम' हा फार चांगला प्रयोग आहे, ज्याच्या त्याच्या वाट्याचं ठरवून दिलेलं काम. यातला 'नेम' संस्कृत 'नियम'चं रूप. ठरवणं हाच त्याचा गाभा. पेशवाईतल्या कागदांत 'नेमणूक' ठरवून दिलेल्या तनख्यालाही म्हणत. 'तैनात'लाही असाच इतिहास आहे. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात पडली ती तैनाती फौज, आणि तिचा खर्च त्याच्याच माथी. आज तैनात म्हटलं की पोलीस किंवा अग्निशमन बंब डोळ्यापुढे येतो. शटडाऊनला उभ्या ठेवलेल्या बंबाला तो शब्द खुशाल वापरा, वेल्डरला नको.

कोशात 'अभिहस्तांकन' सापडेल, तो घेऊ नका. तो कायद्यातला शब्द, हक्क दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा. मानीव अभिहस्तांतरणाच्या (डीम्ड कन्व्हेयन्सच्या) फायली घेऊन फिरलेल्या ठाण्यातल्या सोसायटीवाल्यांना त्याची बहीण साइटवर भेटायला नको.

'संसाधन' मला मराठी कानाला उपरा वाटतो. केंद्रात १९८५ पासून २०२० पर्यंत जे 'मानव संसाधन विकास' खातं होतं, त्याला मराठी वर्तमानपत्रं सर्रास 'मनुष्यबळ विकास' म्हणत आली, ते उगाच नाही. माणसांना मनुष्यबळ, वस्तूंना साधनसामग्री हे आपल्याकडे रुळलेलं आहे. दोन्ही मिळून एकच शब्द हवा असेल तर 'रिसोर्स' ठेवा. फोरमनला तो 'संसाधना'पेक्षा लवकर कळेल.

'वर्क' आणि 'ड्युरेशन'साठी नवीन काही घडवायला नको. शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणितच इथे आहे. दोन वेल्डर, दिवसाला ८ तास, ५ दिवस, म्हणजे काम ८० तासांचं. 'एफर्ट-ड्रिव्हन'ची खूण चालू ठेवून तिसरा वेल्डर जोडला तर ८० तास तेवढेच राहतात आणि मुदत सव्वातीन दिवसांच्या जरा वर येते. मुकादम हाच हिशेब 'रोज' या मापाने करतो. दोन माणसं पाच दिवस म्हणजे दहा रोज. न आलेल्या दिवसाचा खाडा. तेव्हा ड्युरेशनला 'दिवस' आणि वर्कला 'रोज' लिहा. 'मनुष्यदिवस' सरकारी अहवालात शोभतो. हायड्रा शिफ्टवर भाड्याने येतो, त्याच्या रकान्यात 'शिफ्ट' घाला. सॉफ्टवेअरमधल्या पन्नास टक्के युनिटला, म्हणजे निम्मा वेळच या कामाला दिलाय त्याला, 'अर्धा वेळ' पुरे.

एकच हायड्रा एकाच वेळी दोन कामांवर पडला की सॉफ्टवेअर लाल अक्षरं दाखवतं. साइटवर याला 'गुंतलाय' म्हणतात, उलट स्थितीत 'मोकळा आहे'. ही जोडी तशीच तक्त्यात घ्या. ही गुंतागुंत सोडवण्याच्या 'लेव्हलिंग'चं भाषांतर मात्र केलंच पाहिजे, कारण साइटवर लेव्हलिंग म्हणजे लेव्हल ट्यूब घेऊन फाउंडेशनची पातळी बघणं. तिथे 'मेळ घालणे' लिहा, "हायड्राचा मेळ घालून तारखा दिल्यात" असं. आणि जबाबदार माणसाच्या रकान्यावर 'नियुक्त व्यक्ती' असेल, तर ते खोडून 'कोणाकडे' करा.