परसातल्या मधपेटीत पोळं चौकटी सोडून तिरकं बांधलंय. माश्यांना रोग झालाय का? कापून फेकू का?

रोग नाही. तुम्ही लिहिलंय की चोपड्याला (जि. जळगाव) परसात निंबाखाली सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी आहे, पोळं तीन चौकटींना जोडत तिरकं गेलंय आणि खालच्या कडेला फुगीर टोपणांची मोठी घरं आहेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिरकेपणाचं कारण बहुतेक वेळा अंतर असतं. माशीला ये-जा करायला ६ ते ९ मिलिमीटरची वाट लागते. त्याहून जास्त मोकळी जागा राहिली की तिथे पोळं चढतं. अमेरिकन मधमाशीपालक लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये हेच हेरलं, म्हणून तर आज चौकट सुटी उचलता येते. सातेरीची पोळी मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ३०-३२ मिलिमीटरवर असतात, मेलिफेराची (युरोपीय मधमाशीची) ३५-३८ वर. मेलिफेराच्या पेटीत सातेरी बसवली असेल तर गोंधळ ठरलेलाच. मेणपत्रा (पोळ्याचा पाया म्हणून लावायचा मेणाचा पातळ पत्रा) न लावता कोऱ्या चौकटी दिल्या असतील तरीही तेच. पहिलं पोळं जसं जातं, तशी पुढची त्याला समांतर जातात. आणि पेटी कलती असेल तर चौकट कलते, पोळं ओळंब्यातच उतरतं. गवंड्याची पाणसळ ठेवून बघा.

खालची फुगीर घरं नरांची. सातेरीच्या नरघराच्या टोपणाला मधोमध बारीक भोक असतं; ते दिसलं की शंका मिटली. भुईमुगाच्या शेंगेसारखं लोंबतं घर मात्र राणीघर. कडेला अशी बरीच असली तर वसाहत फुटायच्या तयारीत आहे, तिकडे आधी बघा.

फेकू तर अजिबात नका. किलोभर मेण करायला माश्यांचा साधारण ६ ते ८ किलो मध खर्ची पडतो. राणी कुठे आहे ते पाहून पिलाव्याचं (अंडी-अळ्या असलेलं) पोळं कापा, वरची बाजू वरच ठेवून चौकटीत बसवा आणि केळीच्या सोपटाने बांधा (आपल्याकडे त्याला काय तोटा!). पोळं चौकटीला चिकटलं की माश्या सोपट कुरतडून काढतात. मधाचा तुकडा बांधायच्या भानगडीत पडू नका. वजनाने निखळतो, मध सांडतो आणि मुंग्या लागतात. तो सरळ घरी खा.

एप्रिल-मेच्या दुपारी पेटी उघडू नका. आपल्या ४३-४४ अंशांत नवं पांढरं पोळं हातातच वाकतं. सकाळी, ऊन तापायच्या आत उरका.