अंकलीच्या पुलावर तू गप्प बसलीस, त्याचं काय?

मावशी, मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ४१. लग्न होऊन आले तेव्हा गुलामचोर सोडून पत्त्यातलं काही येत नव्हतं, ब्रिज मला सासऱ्यांनी शिकवलं, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गेली १२ वर्षं आम्ही दोघं पार्टनर आहोत. अण्णा आता ७६ चे झाले. हल्ली त्यांचं विसरणं वाढलंय, परवा तीन नोट्रम्प (हुकूम नसलेली बोली) खेळताना किलवरची राणी पडून गेलीय हेच विसरले आणि हातातला गेम घालवला. बिड (बोली) करायलाही वेळ लावतात, समोरचे कंटाळतात. गेल्या महिन्यात कोल्हापूरला पेअर्सची (जोड्यांची) टुर्नामेंट होती, एका बोर्डवर (डावात) मी तीन बदाम ओपन केलं, डावीकडच्यांनी चार इस्पिक, अण्णांनी डबल (म्हणजे 'तुमचं हे होणार नाही', गुण आणि दंड वाढवून), मग मी पाच बदाम केलं आणि डबलमध्ये तीन डाऊन (बोलीपेक्षा तीन फेऱ्या कमी) गेलो, तिथून सगळंच बिघडलं. (चारही हात सोबत लिहिलेत, तिथे छापील मिळाले नव्हते, अण्णांच्या वहीतून उतरवून घेतले.) येताना अंकलीच्या पुलावर अण्णा म्हणाले, माझाच डबल घाईचा झाला. मी काही बोलले नाही, खड्डे चुकवत होते. आता मिरजेचे एक प्राध्यापक पार्टनर व्हा म्हणतायत, वय ३८, नवीन सिस्टीम खेळतात. नवरा म्हणतो तुझं तू ठरव. अण्णांना न दुखवता कसं सांगू?
— दोघांत अडकलेली, सांगली

अगं अडकलेली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी पत्ते काढून बसले. आमच्याकडे साखर कारखान्याच्या कॉलनीत संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काही नसायचं, त्यामुळे मी आणि माझी नणंद वीसेक वर्षं पार्टनर म्हणून खेळलोय, तेव्हा बोर्ड वाचता येतो मला. तू पाठवलेले चारही हात टेबलावर मांडले. आणि मांडल्यावर पहिल्यांदा काय वाटलं सांगू का, राग आला. अण्णांचा नाही, तुझा.

तुझ्या हातात काय होतं? बदामची सात पानं, राजा-राणी-दश्शी-नव्वी आणि खालची तीन, इस्पिकचा एकटा चव्वा, चौकटची दोन फालतू, किलवरची तीन फालतू. पॉइंट पाच. सुरेख तीन बदाम, मीही तेच केलं असतं. ही बिड कशासाठी असते ते तुला अण्णांनीच शिकवलं असणार, की बाबा माझ्याकडे एक लांब रंग आहे, बाकी खडखडाट आहे, समोरच्यांची जागा खायला मी उडी मारतेय. झालं. एका बिडमध्ये तुझा अख्खा हात तू सांगून टाकलास, पोतडीत आता काहीच शिल्लक नाही. अण्णांना तुझा हात जवळजवळ दिसतोय आणि तुला अण्णांचा अजिबात दिसत नाहीये. मग पुढचं कोणी ठरवायचं? ज्याला दोन्ही हात माहीत त्याने. म्हणून तर त्याला कॅप्टन म्हणतात, वयाने मोठा म्हणून नाही गं.

आणि कॅप्टनने ठरवलं. डबल.

आता अण्णांचा हात बघ. इस्पिकची राणी-गुलाम-दश्शी-अठ्ठी, तेही चार इस्पिक बोललेल्या माणसाच्या मागे बसून, त्याने एक्का-राजा वाजवले तरी हुकुमाचे दोन हात (जिंकलेल्या फेऱ्या) अण्णांच्या खिशात. चौकटचा एक्का. किलवरचा एक्का-राणी. झाले की चार हात, तुझ्याकडून काहीही नको. त्यात अण्णांनी पहिलं पान म्हणून बदामची दुर्री टाकली असती तर पुढे बदामचा एक हात तुझाही निघाला असता आणि ते दोन डाऊन गेले असते. कोणीही व्हल्नरेबल नव्हतं (दंड वाढीव नव्हता), म्हणजे ३०० आपल्याकडे. त्याऐवजी तू पाच बदामवर गेलीस, जिथे अण्णांकडे बदामची एकटी दुर्री, आणि इस्पिकचा एक, बदामचे दोन, चौकटचा एक, किलवरचा एक असे पाच हात देऊन ५०० मोजून आलीस. यायचे ३०० गेले आणि वर ५०० दिले, एका बोर्डवर ८०० चा फरक. आणि हा सगळा प्रकार तुझ्या पत्रात किती शब्दांत? 'मग मी पाच बदाम केलं'. पाच शब्द! किलवरच्या राणीला मात्र तू आख्खं वाक्य दिलंयस.

मला माहितीये तू काय म्हणणार. म्हणशील, मावशी, चार इस्पिक डबलमध्ये झाले असते तर ५९० गेले असते, त्यापेक्षा ५०० स्वस्त. हिशोब बरोबर आहे, मीही कधीकाळी असे शहाणे हिशोब केलेत आणि नणंदेच्या शिव्या खाल्ल्यात. पण हा हिशोब कधी करायचा, जेव्हा समोरचे गेम करणार असं वाटतंय आणि पार्टनर गप्प आहे. पार्टनर डबल म्हणतोय म्हणजे तो सांगतोय की गेम होत नाही. तेव्हा तुझं पाच बदाम म्हणजे स्वस्त-महाग काही नव्हतं, ते होतं 'अण्णा, तुमच्यावर विश्वास नाही'. हेच तू भर टेबलावर, चार लोकांसमोर बोललीस, फक्त पत्त्यांच्या भाषेत.

तू सांगलीची आहेस म्हणून सांगते. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. पुलावर उभं राहून पट्टी बघणारा माणूस ४३ म्हणाला तर आपण गच्चीत जाऊन, हात कपाळावर धरून, 'छे, एवढं काही नाहीये' असं म्हणतो का? २०१९ नंतर तर सांगलीत कोणी म्हणणार नाही. अण्णा पट्टीसमोर उभे होते. तू गच्चीत होतीस.

बरं, चूक झाली. होते. प्रीएम्प्ट करून (अशी आधीच उडी मारून) परत बोलायची खाज ब्रिज खेळणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी सुटते, हातात सात बदाम असले की ते पिवळ्या गुळासारखे दिसायला लागतात. त्यासाठी मी एवढं लिहीत बसले नसते. मी बसलेय त्या अंकलीच्या पुलासाठी.

अण्णा म्हणाले, माझाच डबल घाईचा झाला.

अगं, ज्या माणसाने तुला हा खेळ शिकवला त्याला आपला डबल बरोबर होता हे कळत नसेल? बावन्नच्या बावन्न पानं घरी येऊन आठवणीने वहीत लिहिली त्याने, कुठलं पान कोणाकडे होतं सगळं, आणि त्याच वहीतून ते उतरवून घेऊन तू मला लिहितेस की त्यांचं विसरणं वाढलंय! राणी विसरले असतील, खेळता खेळता एखादं पान निसटतं, ७६ व्या वर्षी जास्त निसटत असेल, तेवढं मी मान्य करते. पण पान विसरणं वेगळं आणि हात तोलणं वेगळं, आणि कोल्हापूरला तुमच्या दोघांत हात कोणी नीट तोलला ते चारही हात मांडून मला लख्ख दिसतंय. त्या माणसाने गाडीत बसल्यावर, तासभराच्या रस्त्यात तू एक शब्द बोलत नाहीयेस हे बघून, तुझी चूक उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. आणि तू ती ठेवू दिलीस. मग महिन्याभराने तीच चूक त्यांच्या म्हातारपणाचा पुरावा म्हणून मला पत्रात पाठवलीस.

हे वाचून तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

खरं तर मला अण्णांचाही थोडा राग आलाय. सुनेची चूक झाकायची सासऱ्यांची हौस आपल्याकडे तशी कमीच असते म्हणा, पण ब्रिजमध्ये ती करू नये, पार्टनरला चूक सांगितली नाही तर तो पुढच्या टुर्नामेंटला तीच करतो. १९३१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला कल्बर्टसन आणि लेन्झ यांचा मोठा सामना सुरू झाला होता, १५० रबरचा, पुढच्या जानेवारीपर्यंत चालला, त्यात लेन्झ आपल्या पार्टनरला, जेकोबीला, खेळावरून बोलला आणि जेकोबी सामना चालू असताना सोडून गेला, दुसरा माणूस आणून बसवावा लागला. अण्णांना तसं करता आलं असतं. टेबलावरून उठून चहा प्यायला जाता आलं असतं, निदान एक उसासा तरी. त्यांनी काय केलं तर पुलावर ते वाक्य बोलले. पण पत्र त्यांचं आलेलं नाही, तुझं आलंय, म्हणून त्यांना बाजूला ठेवते.

वयाचं म्हणशील तर २०१८ ला जकार्तात एशियन गेम्समध्ये पहिल्यांदाच ब्रिज आलं आणि पुरुषांच्या पेअर्सचं सोनं आपल्या प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी आणलं, एक ६० चे, दुसरे ५६ चे. ७६ म्हणजे ६० नाही, कबूल. पण 'वय झालं' हे कारण तू पुढे केलंस ना, ते मला पाच बदामच्या मागे लपायला घेतलेलं वाटतंय.

ब्रिजच्या टेबलावर पार्टनरशी बोलायला किती शब्द असतात मोजलेस कधी? सात लेव्हल गुणिले चार रंग आणि नोट्रम्प, ३५, आणि पास, डबल, रिडबल धरून ३८. बस. भुवई उडवायची नाही, पान आपटायचं नाही, आवाज बदलायचा नाही, जे काय सांगायचं ते त्या ३८ त आणि पानांत. आणि त्या ३८ त 'माझं चुकलं' नाहीये. ते टेबलावरून उठल्यावरच बोलावं लागतं, पार्किंगमध्ये, गाडीत, चहाच्या टपरीवर. तुला तेवढा तासभर मिळाला होता आणि तू खड्डे चुकवलेस.

म्हणून तू जे विचारलंयस, अण्णांना न दुखवता कसं सांगू, त्याचं उत्तर मी देणार नाहीये. 'न दुखवता' हा प्रश्नच चुकीच्या जागी आलाय, ते आधीच दुखावलेले आहेत आणि कशाने ते त्यांना नीट माहीत आहे.

तू एवढंच कर, आजच, उद्यावर ढकलू नकोस. रात्री जेवणं झाली, मुलं खोलीत गेली, की अण्णांची ती वही माग. कोल्हापूरचा तो बोर्ड काढ. पत्त्यांचा कॅट घेऊन चारही हात डायनिंग टेबलावर उघडे मांड, अण्णांचा हात अण्णांनाच मांडू दे. आणि म्हण, 'अण्णा, पाच बदाम माझं चुकलं, तुमचा डबल बरोबर होता, आणि मी गाडीत गप्प बसले तेही चुकलं.' ते म्हणतील, जाऊ दे गं, झालं गेलं. जाऊ देऊ नकोस. वहीत त्या बोर्डाखाली तुझ्या हाताने लिही, पाच बदाम, चूक सुनेची. खाली तारीख टाक. नवरा समोर असला तर उत्तम, 'तुझं तू ठरव' म्हणून मोकळा झालाय, त्यालाही जरा बसू दे ऐकत.

त्या रात्री मिरजेच्या प्राध्यापकांचं नाव काढायचं नाही. काढलंस तर माफी ही लाच होते, आणि अण्णा काय दुधखुळे नाहीत.

प्राध्यापकांबरोबर खेळायचंय तुला, ते पत्राच्या ओळीओळीत दिसतंय, आणि त्यात काही पाप नाही. ४१ व्या वर्षी नवीन सिस्टीम शिकावीशी वाटते, जिंकावंसं वाटतं, वाटलंच पाहिजे. पुढच्या आठवड्यात, दुपारच्या चहाला, बशीत भडंग घालून अण्णांपुढे ठेव आणि सरळ विचार, मला थोडे दिवस त्यांच्याबरोबर खेळून बघायचंय, तुम्हाला काय वाटतं. विचार म्हणतेय, सांग नाही म्हणत. मग अण्णा जे म्हणतील ते ऐक. हो म्हणाले तर खेळ, नको म्हणाले तर नको. तू तुझा हात उघडा करून मांडलेला असशील, पुढची बिड त्यांची, आणि ह्या वेळी त्यावर परत पाच बदाम करायचं नाही.

आणि हे सगळं घरात बोल. गाडीत काढलंस तर अंकलीच्या अलीकडेच तुला परत खड्डे लागतील.

— मावशी