शरदातला डे हाइक : तुम्ही विचारलंत

प्रश्न : ऑक्टोबरच्या शेवटी एका शिखराचा एकदिवसीय ट्रेक करायचाय. जाऊन-येऊन १४ किलोमीटर, चढाई ९०० मीटर. सपाटीवर मी तासाला पाच किलोमीटर आरामात चालते, म्हणजे तीन तासांत खाली. सकाळी दहाला निघालं तर चालेल ना?

उत्तर : अहो, चढ हिशेबात धरलाच नाहीत तुम्ही! स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ढोबळ नियम सांगितला तो लोक अजून वापरतात, तीन मैलांना एक तास आणि वर दर २००० फूट चढाईला आणखी एक तास, म्हणजे साधारण पाच किलोमीटरला एक आणि ६०० मीटरला एक. तुमचं गणित मांडा, अंतराचे पावणेतीन, चढाईचा दीड, झाले सव्वाचार. आणि यात फोटो नाहीत, खाणं नाही, बुटाची लेस नाही, माथ्यावर टेकणं नाही, शिवाय नियम आहे धडधाकट माणसासाठी आणि धड वाटेसाठी. मी साडेसहा तास धरीन. ग्रुप असेल तर सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग धरायचा, लीडरचा नाही.

आता उजेडाचं बघा, खरी गोम तिथेच आहे. उत्तर गोलार्धात दिवस सगळ्यात झपाट्याने लहान होतात ते २३ सप्टेंबरच्या आसपास, डिसेंबरात नाही. ४५ अक्षांशाच्या जवळपास रोज तीन मिनिटांच्या वर उजेड कमी होतो, महिन्यात दीड तासाच्या वर गेला. म्हणून सप्टेंबरात जाऊन आलेल्या मैत्रिणीचं टाइमटेबल जसंच्या तसं उचलू नका. युरोपात तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे काल सहाला झालेला सूर्यास्त आज पाचला. आणि सूर्यास्ताची वेळ मोबाईलमध्ये दिसते ती मोकळ्या क्षितिजाची असते, तुमची वाट डोंगराच्या पूर्वेकडून उतरत असेल तर ऊन कितीतरी आधी धारेमागे जातं आणि झाडीत तर त्याहून लवकर अंधारतं. दहाला निघालात तर साडेचारला खाली, तेही सगळं सुरळीत झालं तर. तांबडं फुटताना निघा.

प्रश्न : पायथ्याला १५ डिग्री दाखवतंय. टीशर्ट आणि एक स्वेटशर्ट पुरेल का?

उत्तर : कॉटनचा असेल तर नको. हजार मीटरला सरासरी साडेसहा डिग्री तापमान उतरतं, म्हणजे ९०० मीटर वर गेल्यावर नऊच्या आसपास, आणि तिथे ताशी ४० किलोमीटरचा वारा असला तर अंगाला ते चार-पाच डिग्रीसारखं लागतं. त्यात चढताना भिजलेलं कॉटन अंगाला चिकटलेलं, वाळता वाळत नाही, आणि तुम्ही माथ्यावर बसलात की पाचव्या मिनिटाला दात वाजतात. आत सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, सॅकमध्ये फ्लीस, विंडचीटर, टोपी, हातमोजे. जॅकेट थंडी वाजल्यावर नाही, थांबल्या थांबल्या घालायचं.

एक मात्र आहे, या दिवसांत कधीकधी सगळं उलटं होतं. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री गार हवा दरीत साचते, सकाळी खाली दाट धुकं आणि वर लख्ख ऊन, वरची हवा खालच्यापेक्षा उबदारसुद्धा असते. त्यामुळे खिडकीतून धुकं बघून बेत रद्द करू नका, शिखराचा अंदाज बघा. ढगांच्या वर उभं राहायला मिळालं तर नशीब काढलंत!

प्रश्न : पानगळीत वाट निसरडी असते म्हणतात. स्टिक्स घेऊ?

उत्तर : घ्या, उतरताना थोड्या लांब करा. ओली पानं घसरवतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण पानांखाली मुळं, सुटे दगड आणि घसारा झाकलेला असतो तो जास्त त्रास देतो. दुसरं म्हणजे पायवाटच दिसेनाशी होते, सगळं जंगल एकसारखं, तेव्हा झाडांवरच्या आणि दगडांवरच्या खुणा बघत चला. अधूनमधून मागे वळून बघा, परत येताना तेच दृश्य समोर असणार आहे.

प्रश्न : मॅप फोनमध्ये आहे, टॉर्च पण फोनमध्येच आहे. वेगळं काही लागतं?

उत्तर : हेडलॅम्प, दुपारी परत यायचा बेत असला तरी. गारठ्यात फोनची बॅटरी भराभर उतरते आणि मग नकाशा, टॉर्च, फोन तिन्ही एकदम जातात. मॅप आधी डाउनलोड करा, फोन एअरप्लेन मोडवर आतल्या खिशात ठेवा, जीपीएस तरीही चालतं. कागदी नकाशा आणि शिट्टी सोबत हवीच. मदतीची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं.

प्रश्न : माथा अर्ध्या तासावर असताना लीडरने सगळ्यांना परत फिरवलं. हवा स्वच्छ होती. अजून राग गेला नाही. त्याचं बरोबर होतं का?

उत्तर : बहुतेक बरोबर होतं. अर्धा तास वर, तेवढाच परत त्या जागी यायला, वर फोटो आणि टेकणं, दीड तास गेला म्हणा ना, आणि तो दीड तास कापला जातो शेवटी, खालच्या झाडीत, पाय थकलेले असताना. पण फिरायची वेळ त्याने सकाळी सांगितली होती की तिथेच जाहीर केली? तिथेच केली असेल तर तुमचा राग निम्मा तरी खरा, कारण माथा समोर दिसत असताना कुणालाच धड हिशेब सुचत नाही. यंदा गाडीतून उतरतानाच विचारा, किती वाजता फिरायचं, आणि उत्तर सगळ्यांसमोर घ्या.