पऱ्हाटी जाळावी की कुजवावी?

प्रश्न : उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, जाळतो. यंदा श्रेडर (झाडांचे तुकडे करणारं यंत्र) मिळतो आहे, पण ती कुट्टी वावरात टाकली की पुढचं पीक पिवळं पडतं, असं शेजारी म्हणतात. काय करावं? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : शेजारी म्हणतात ते खरं आहे, पण त्यावर उपाय आहे. पऱ्हाटीत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडा. ती कुजवणारे सूक्ष्मजीव कमी पडलेला नत्र मातीतून ओढतात आणि कोवळं पीक उपाशी राहतं. म्हणून एक टन कुट्टीला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं संवर्धक द्या. कोरडवाहू कपाशीची एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते.

खरी फसगत वेळेची होते. फेब्रुवारीत ओल नसताना कुट्टी कुजत नाही, आणि चुनखडीच्या जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. ओलित (पाण्याची सोय) असेल तर कुट्टी वखराने मातीत मिसळून लगेच पाणी द्या. कोरडवाहूत मात्र धुऱ्याकडे (बांधाकडे) ढीग लावा: फूटभर कुट्टी, वर शेणकाला, खत आणि संवर्धक, मग पुन्हा कुट्टी. मूठ आवळली तर तळहात ओला व्हावा, पाणी गळू नये. महिन्या-महिन्याने ढीग परता. पाणी बंडीवर (बैलगाडीवर) टाकीने आणावं लागलं तरी आणाच, कोरडा ढीग जूनपर्यंत तसाच राहतो.

पऱ्हाटी हिरवट असतानाच श्रेडर चालवा. वाळली की तुकडे लांब पडतात. ते बोटभरच हवेत. त्याआधी शेळ्या-मेंढ्या सोडून उरलेली बोंडं चारा. गुलाबी बोंडअळी त्यांतच दडते, म्हणून अख्खी पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका.

जाळून उरते ती पोटॅश आणि चुन्याची राख. काळ्या मातीत हे दोन्ही बहुधा आधीच भरपूर असतात. तिला हवे असलेले कर्ब, नत्र आणि गंधक मात्र धुरात जातात.

प्रश्न : सहा वर्षं सोयाबीनवर हरभरा घेतो. दोन्ही द्विदल, तरी जमीन कडक का होते? (वाशीम जिल्हा)

उत्तर : सोयाबीनचा बराचसा नत्र दाण्यांबरोबर बाजारात जातो. कुटार (मळणीनंतरचा भुसा) लवकर कुजतं, त्यामुळे मातीत टिकाऊ सेंद्रिय भाग फार साठत नाही. वर दरवर्षी रोटाव्हेटर फिरला की ढेकळांचा भुगा होतो आणि खाली तवा (मातीचा कडक थर) बसतो. ज्वारीच्या तंतुमुळांनी माती बांधली जायची. रानडुकरांमुळे ती सुटली, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी तीन वर्षांतून एकदा गावालगतच्या तुकड्यात ती घ्याच, आणि धसकटं उपटू नका. बाकी वावरात सोयाबीनच्या चार-सहा तासांनंतर (ओळींनंतर) तुरीचं एक तास ठेवा. तिचं सोटमूळ खोल जातं आणि पाला वावरातच गळतो. मळणीचं कुटार ढिगात सडू न देता हरभरा उगवल्यावर त्याच्या दोन ओळींच्या मधे पसरा. मर (बुरशीने झाड वाळण्याचा रोग) लागलेली झाडं मात्र त्यात येऊ देऊ नका. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते.